पुरस्काराच्या मागच्या पट्टीवर

तुमचं घर बुलढाण्यात, मेहकरात किंवा घाटाखाली नांदुऱ्याकडे असेल तर एक काम करा. स्वयंपाकघरात जा, मांडणीवरचा लग्नातला एखादा जुना डबा नाहीतर गंज-पातेलं उचला आणि काठाखाली बघा. 'चि. सौ. कां. अमकीस मामाकडून सप्रेम भेट' असं काहीतरी दिसेल. त्यातल्या 'भ'ची गाठ जरा मोठी असेल तर ते अक्षर माझं. चाळीस वर्षं मी तुमच्या घरात आहे, आणि तुम्ही मला ओळखत नाही. त्याबद्दल तक्रार नाही. भांडं घासताना कोणी सही बघत बसत नाही.

मी सलीम. बुलढाण्याच्या बाजारात एका भांड्याच्या दुकानाच्या पायरीशी माझं टेबल होतं. भांड्यांवर नावं टाकणं हा आमचा धंदा. अब्बांच्या काळी छिन्नी आणि बोटभर हातोडी असायची. एकेक ठिपका ठोकून अक्षर उभं करायचं, आणि पाण्याचा एक गुंड पुरा करायला माणूस घामाघूम व्हायचा. पुढे विजेची लेखणी आली. तिचं टोक थरथरतं, आपण फक्त हात चालवायचा. अब्बांनी तिला आयुष्यभर हात लावला नाही. म्हणायचे, "ये लिखती नहीं, खुजाती है." मी मात्र तिच्यावरच पोट भरलं.

या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात: टाकलेलं नाव निघत नाही. एकदा नांदुऱ्याच्या एक बाई गोणीभर भांडी घेऊन घाट चढून आल्या. लेकीचं लग्न हळदीच्या आधी मोडलं होतं आणि सगळ्या भांड्यांवर मुलाकडच्यांची नावं होती.

"भाऊ, हे नाव मिटवून द्या," त्या म्हणाल्या.

"मिटत नाही, बाई. घासलं तर पत्रा जाईल, नाव राहील."

"मंग माही पोरगी रोज थेच नाव घासत बसन काय?"

मी गोणी ठेवून घेतली. मग मी एकेका अक्षराला फांद्या फोडल्या, पानं काढली, आणि नावाची वेल करून टाकली. तीन दिवस गेले. शेवटचं भांडं हातात घेऊन बाईंनी ते उजेडात फिरवून फिरवून पाहिलं आणि मग माझ्या टेबलावरच डोळे पुसले. दोन वर्षांनी त्या लेकीच्या लग्नाची भांडी त्यांनी माझ्याकडेच पाठवली. तेव्हापासून चुकलेल्या नावाची वेल करणारा म्हणून माझी थोडी ख्याती झाली. ही वेल पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून सांगून ठेवली.

दुसरी गोष्ट चिठ्ठीची. गिऱ्हाईक चिठ्ठी देतं, तिच्यावर दोन नावं असतात, मध्ये रेघ. वरचं नाव घेणाऱ्याचं, खालचं देणाऱ्याचं. 'यास', 'कडून', 'सप्रेम भेट' हे कोणी लिहीत नाही, ते आमच्या हातातच असतं. आमच्याकडे हे कोणाला शिकवावं लागत नाही. लग्नघरातल्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं. आणि भेट नेहमी थोरल्याकडून धाकट्याकडे येते: मामाकडून भाचीला, आत्याकडून भाच्याला. चाळीस वर्षांत उलटी चिठ्ठी माझ्याकडे एकदाच आली. हा लेख त्या एका चिठ्ठीबद्दल आहे.

पण त्याआधी त्या पुरस्काराबद्दल सांगायला हवं. देशभरच्या लोकप्रिय गाण्यांना दर वर्षी एक मोठा पुरस्कार मिळतो. नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या गल्लीत त्याला नुसतं 'मोठं बक्षीस' म्हणत. माझ्या लहानपणी ते पोस्टकार्डांवर ठरायचं. आवडलेलं गाणं कार्डावर लिहून पाठवायचं. अब्बांचं अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे अख्खी गल्ली त्यांच्याकडे यायची. शिंपीकाकांना विरहाचं गाणं हवं असे, शेजारच्या वहिनींना पाळण्याचं. सगळी कार्डं एकाच हातची दिसली तर बाद करतील, या भीतीने अब्बा प्रत्येक कार्ड वेगळ्या वळणात लिहायचे. कुणाचं तिरकं, कुणाचं गोल, एक तर मुद्दाम गिचमिड. छिन्नी धरणारा माणूस गिचमिड लिहिताना इतका कष्टी होई की बघवत नसे. एका वर्षी आमच्या गल्लीचं गाणं पहिलं आलं. रेडिओवर नाव ऐकून अब्बांनी सगळ्यांना चहा पाजला, जणू चाल त्यांनीच लावली होती.

पुढे कॅसेटी आल्या. बक्षीस मिळालेल्या गाण्याच्या कॅसेटवर सोनेरी चिकटपट्टी असायची, आणि ती नसलेली कॅसेट आमचे लोक हातात घेत नसत. मग टीव्हीवर सोहळा आला, मोबाईलवरून मतं आली, मध्ये काही वर्षं जाणकारांची समिती होती, आणि आता पडद्यावर बोट टेकवलं की झालं. गाणी अजून चांगलीच असतात. पण पोस्टकार्ड गेलं तसे आम्ही त्या बक्षिसाचे मालक राहिलो नाही, पाहुणे झालो.

या बक्षिसाचा एक कट्टर शत्रू बुलढाण्यात राहत होता. वैद्य सर. एका शाळेत संगीत शिकवायचे. बारीक अंगकाठी, इस्त्रीचा सदरा आणि नाकावर राग. दर वर्षी स्नेहसंमेलनाच्या गायन स्पर्धेचे कप ते माझ्याकडे नावं टाकायला आणत. शाळेत आणि बाजारात सर अगदी पुस्तकातलं बोलत. वऱ्हाडी फक्त घरात बोलायचे, तेही आतून काही हललं तरच.

"गाण्याला मतं कशाला हवीत, सलीम?" ते मला डिवचायचे. "ग्रामपंचायत आहे का ती?"

"सर, तुमच्या स्पर्धेत तीन परीक्षक असतात. त्यांचीही मतंच ना?"

"त्यातल्या दोघांना मी गप्प बसवतो," सर म्हणायचे. हे ते थट्टेत म्हणत नसत.

त्या कपांवर तीन वर्षं लागोपाठ एक नाव मी कोरलं. विलास. मेहकरजवळच्या खेड्यातला मुलगा, बुलढाण्यात वसतिगृहात राहून शिकायचा आणि सकाळी सहाला सरांच्या दारात तंबोरा लावायला हजर असायचा. त्याचं गाणं मी संमेलनात ऐकलं होतं. मांडवातली बडबड त्याच्या पहिल्या सुराला थांबायची. आणि तिन्ही वर्षं कपावर 'द्वितीय क्रमांक'. तिसऱ्या वर्षी मला राहवलं नाही.

"सर, हा पोरगा दुसरा कसा येतो?"

सरांनी कप फडक्यात गुंडाळला. मग म्हणाले, "याला पहिला दिला, की हा गळा घेऊन घरी जाईल. दुसरा दिला, की उद्या सकाळी सहाला दारात उभा. अजून दोन वर्षं मला तो दारात हवा आहे. आणि हे त्याला सांगायचं नाही."

मी नाही सांगितलं. त्याच आठवड्यात विलास टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"सलीमभाई, पहिल्या नंबराच्या कपावर कोणाचं नाव टाकून राह्यले?"

मी कप फिरवून दाखवला. त्याने ते नाव वाचलं, मान हलवली आणि गेला. ती दोन वर्षं सरांना मिळालीच नाहीत. परीक्षा झाली तसा तो मुंबईला निघून गेला. गावी येई तो परस्पर मेहकरला, बुलढाण्यात उतरतही नसे. सरांची पायरी तर तो पुन्हा चढला नाही. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी फार वेळा केला आहे. माझ्या हातून भांडी थोडीच बिघडली, पण ही गप्प बसण्याची चूक मला सगळ्यांत जास्त टोचते.

वीसेक वर्षांनी मोठं बक्षीस विलासला मिळालं. टीव्हीवर त्याला बघून मी घरात इतका ओरडलो की बायकोला वाटलं, मला करंट लागला. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन सरांकडे गेलो. सर आता पंच्याहत्तरीच्या पुढे. व्हरांड्यातल्या खुर्चीत भिंग लावून पेपर वाचत होते.

"सर, विलासला..."

"वाचलं."

"गाणं ऐकलं का?"

"पानठेल्यावर दिवसभर वाजतं. कान काय काढून ठेवू?"

पेढा घेतला मात्र. पुढच्या महिन्यात इथल्या एका कॉलेजात विलासचा सत्कार ठरला. मंडळी सरांना आमंत्रण द्यायला गेली, तर गुडघे दुखतात म्हणून सरांनी त्यांना वाटेला लावलं.

सत्काराच्या दिवशी सकाळी टेबलासमोर एक गाडी थांबली. विलास उतरला. कानशिलं पांढरी झाली होती, डोळे तेच होते. त्याने पिशवीतून ती ट्रॉफी काढून माझ्यापुढे ठेवली. सोनेरी मुलाम्याची, तंबोऱ्याच्या आकाराची, खाली काळी लाकडी बैठक. बैठकीच्या पुढच्या पट्टीवर पुरस्कार आणि त्याचं नाव, मागची पट्टी कोरी. ज्या बक्षिसासाठी अब्बांनी बोटं दुखेपर्यंत गिचमिड लिहिलं, ते माझ्या टेबलावर होतं. मी हात फडक्याला पुसले आणि मगच ते धरलं.

"सलीमभाई, मांगची पट्टी कोरी हाय. चिठ्ठीत हाय तसं टाका. चारले येतो." एवढं बोलून तो गेला, कारण गाडीतली मंडळी घाई करत होती.

चिठ्ठीवर दोन नावं. वर 'विलास', मध्ये रेघ, खाली 'वैद्य सर'.

आता खरं सांगतो, मला क्षणभर आश्चर्य वाटलं. पण लगेच आनंद झाला. वाटलं, सर निवळले. फोनवर बोलणं झालं असेल, आणि म्हातारा म्हणाला असेल, माझंही नाव टाकून घे त्यावर. मला तसं व्हायलाच हवं होतं, म्हणून मी विचारायला फोन केला नाही. हात चालू लागला. धाकट्याच्या नावाआधी 'चि.' लावायची हाताची सवय, म्हणून तेही लागलं. दुपारपर्यंत मी ती तीन ओळींची कोरणी केली, आणि सांगायला हरकत नाही, इतकी सुरेख अक्षरं माझ्या हातून पूर्वी उतरली नव्हती.

चि. विलास यास
वैद्य सरांकडून
सप्रेम भेट

चार वाजता विलास आला. सत्काराची शाल अजून खांद्यावर होती. त्याने ट्रॉफी फिरवली, वाचलं आणि चेहरा उतरला.

"हे काय केलं, सलीमभाई? हे तं उलटं झालं."

"उलटं? चिठ्ठीत वरचं नाव तुझं आहे."

"माह्याकडून म्हणून वरतं लिवलं! अर्जात लिवतो तसं, आधी आपलं नाव, मंग त्यायचं. मले हे सरायले द्यायचं होतं."

मी चिठ्ठी काढून पुन्हा वाचली. या माणसाचं लग्न मुंबईला कचेरीत सह्या करून झालेलं, भांड्याच्या चिठ्ठ्या त्याने जन्मात पाहिल्या नव्हत्या. आणि मी, चाळीस वर्षांचा कारागीर, एक शब्द विचारला नव्हता.

विलास स्टुलावर बसला. "वीस वर्षांनी त्यायच्या दारात जाऊन राह्यलो," तो हळू आवाजात म्हणाला. "मोकळ्या हातानं जायची हिंमत नव्हती. ही पट्टी दाखवीन, पाय धरीन, असं ठरवलं होतं. आता काय दाखवू? त्यायनं जन्मात मले शाबास म्हटलं नाही. सर म्हणतीन, मी देल्ली नाही थे शाबासकी हा स्वतःच कोरून घेऊन आला. खोटी सही मारल्यासारखं दिसते हे. उभं करनार नाही मले."

तो म्हणत होता ते खरं होतं. सरांचा स्वभाव मला माहीत होता. पट्टीवरचा मुलामा इतका पातळ होता की घासलं असतं तर खालचं तांबडं दिसलं असतं. मी म्हणालो, "वेल करून देतो. अर्ध्या तासात नाव दिसणार नाही."

"करा," तो म्हणाला. "बिनानावाचं न्यावं लागलं तरी चालन."

मी मशीन चालू केलं. टोक 'वैद्य'च्या 'व'वर टेकवणार, तोच हात थांबला. हे नाव झाकलं की गप्प बसण्याची तीच चूक दुसऱ्यांदा होणार होती, असं मला वाटलं. मी मशीन बंद केलं.

"विलास, एक गोष्ट तुला सांगायला हवी होती. तेव्हाच." आणि मी त्याला तो तिसरा कप, सरांचं उत्तर, सकाळचे सहा, सगळं सांगितलं.

तो स्टुलावरून उठला. राग येईल असं वाटलं होतं, आणि आलाही. "वीस वर्षं हे पोटात ठेवलं तुमी? मी इकडची बस धरत नव्हतो, सलीमभाई, वीस वर्षं!" बाजारातले लोक वळून बघायला लागले. मग त्याने शालीच्या टोकाने तोंड पुसलं आणि विचारलं, "खरंच म्हणे सर, दोन वर्षं दारात पाह्यजे म्हणून?"

"खुदा की कसम."

"मंग चला. हाय तसंच नेऊ. शिव्या तुमी खा."

शिव्या खायची माझी तयारी होती. ट्रॉफी मांडीवर घेऊन मी त्याच्या गाडीत बसलो.

सर व्हरांड्यातच होते. दोन पावलं अलीकडे विलास थांबला. सरांनी भिंग खाली ठेवलं, त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि वीस वर्षांनंतरचं पहिलं वाक्य बोलले.

"दुसऱ्या अंतऱ्यात श्वास चुकीच्या जागी घेतलास."

"हो सर," विलास म्हणाला आणि वाकला.

त्याची पाठ सरळ होण्याआधीच मी ट्रॉफी पुढे केली आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. सर, चूक माझी आहे, यानं तुम्हाला द्यायला आणली, मी चिठ्ठी उलटी वाचली, याला काही बोलू नका, आणि तुम्ही सांगू नका म्हणाला होतात तेही मी आज याला सांगितलं.

ट्रॉफी सरांनी मांडीवर घेतली, पुढची बाजू पाहिलीच नाही. मागच्या पट्टीवर भिंग धरलं आणि ते तीन ओळी वाचत राहिले. नुकतं वाचायला शिकलेल्या पोराला लागेल तितका वेळ त्यांनी लावला. बोट 'चि.'वर थांबलं.

"हे चिरंजीव कोणी लिहिलं?"

"मीच, सर. सवयीनं."

"वय काय याचं?"

"अडतीस, सर," विलास म्हणाला.

"हं." मग माझ्याकडे न बघता, "सलीम, तू याचे कप किती कोरलेस?"

"तीन."

"सगळे दुसऱ्या नंबराचे."

"हो, सर."

सरांनी खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायला सुरुवात केली. मी धरायला गेलो तर माझा हात झटकला. दोन्ही पायांवर नीट उभे राहिले, सदरा खाली ओढला, ट्रॉफी दोन्ही हातांत घेतली.

"तिकडे, पायरीखाली उभा राहा," ते विलासला म्हणाले. "नाव पुकारलं की यायचं. तुला सवय नाही."

देशभरच्या लोकांनी टाळ्या वाजवलेला तो माणूस पायरी उतरून शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला. सरांनी घसा साफ केला आणि स्नेहसंमेलनाच्या त्यांच्या आवाजात पुकारलं, "गायन स्पर्धा. प्रथम क्रमांक..." पुढचं नाव त्यांच्या घशातून निघेना. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा निघालं.

विलास वर आला. त्याने हात पुढे केले, सरांनी ट्रॉफी त्याच्या हातात दिली आणि आपले हात काही काढले नाहीत. संमेलनात अशा वेळी टाळ्या वाजायच्या. तिथे मी एकटाच होतो, म्हणून मी वाजवल्या. मला रडू येत होतं आणि मी टाळ्या वाजवत होतो.

सर बसले, डोळे पुसून पुन्हा भिंग लावून पट्टी पाहिली. धंद्यातली खोड काढायची संधी ते कधी सोडत नसत.

"तारीख नाही टाकली, सलीम. भांड्यावर टाकतोस ना?"

"चिठ्ठीत नव्हती, सर. आत्ता टाकून देऊ का?"

सरांनी विलासकडे पाहिलं, पट्टीवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली.

"राहू दे बे," ते म्हणाले. "उशीर किती झाला, ते कायले कोरून ठेवतं?"